आधी काढून घ्या, मग आंबवा, शेवटी कुजवा: ओल्या कचऱ्यातून प्लास्टिक, गॅस आणि खत

ओल्या कचऱ्याचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो गॅस करा, दुसरा म्हणतो खत करा, आणि हल्ली तिसरा येऊन सांगतो की याचं प्लास्टिकही होतं. मला यात भांडणाचं कारण दिसत नाही. एकाच बादलीतून तिन्ही निघतं, फक्त क्रम चुकता कामा नये. आधी कच्च्या सालींतला स्टार्च काढून घ्यायचा. उरलेला चोथा बंद टाकीत आंबवून त्याचा गॅस घ्यायचा. गॅस देऊन झाल्यावर जी रबडी उरते ती पाचोळ्यात मिसळून कुजवायची. उलट्या दिशेने जाता येत नाही. खत झालेल्या मालातला पेटण्याजोगा भाग केव्हाच हवेत गेलेला असतो. आणि आंबलेल्या सालीतला स्टार्च जिवाणूंनी आधीच खाऊन टाकलेला असतो.

हा खटाटोप करायचा तो एवढ्यासाठी की हाच कचरा मोठ्या ढिगाऱ्यात दाबला गेला तरी आतल्या आत आंबतोच. त्यातून निघणारा मिथेन मोकळा सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. तोच मिथेन टाकीत धरला तर शेगडीवर निळ्या ज्योतीने जळतो.

निवडणं: अर्धं काम इथेच होतं

तीन डबे ठेवा. पहिल्यात कच्चे पिष्टमय तुकडे: बटाट्याच्या साली, कंदांचे काप, कापताना उरलेले तुकडे. शिजलेलं इथे चालत नाही. शिजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुटतात, मग ते तळाशी बसत नाहीत.

दुसऱ्या डब्यात मऊ, ओलं, लवकर आंबणारं सगळं: फळांच्या साली, भाज्यांचे देठ, शिळं अन्न. लिंबूवर्गातल्या फळांच्या साली मात्र मोजक्याच घाला. त्यांच्या तेलातलं लिमोनीन टाकीतल्या जिवाणूंना मारक असतं.

तिसरा डबा काष्ठमय मालाचा: वाळका पाला, काड्या, लाकडाचा भुसा, टरफलं, न छापलेला पुठ्ठा. या सगळ्यात लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन असतं. हवा नसताना जिवाणूंना ते जवळजवळ पचत नाही, हवेत मात्र बुरशी त्याला हळूहळू फोडते. काड्या टाकीत गेल्या तर वर तरंगून जाड साय धरतात आणि गॅसची वाट अडवतात. म्हणून काष्ठमय माल गॅसच्या टाकीत कधीही घालू नका.

काच, बॅटऱ्या, औषधं, साबणाचं पाणी, मेणकागद आणि पाळीव मांजर-कुत्र्यांची विष्ठा यांना तिन्ही डबे बंद. अंड्यांची टरफलं कुस्करून खतात घाला, टाकीत ती तळाशी बसून जागा अडवतात.

पहिला टप्पा: सालींतून स्टार्च, स्टार्चपासून फिल्म

साली स्वच्छ धुवा, किसा किंवा थोड्या पाण्यात जाडसर वाटा. कापडातून घट्ट पिळून गाळा. चोथा दुसऱ्या डब्यात टाका, तो गॅसचा माल आहे. गाळलेलं गढूळ पाणी अर्धा तास हलवू नका. तळाशी पांढरा साका बसेल. वरचं पाणी अलगद ओता, नवं पाणी घाला, ढवळा, पुन्हा बसू द्या. दोन-तीन वेळा असं केलं की साका स्वच्छ होतो. तो पातळ पसरून वाळवा. ओतलेलं पाणी टाकीत घालण्यासाठी ठेवा, त्यातही साखर आणि नत्र असतं.

आता फिल्मचं, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचं, प्रमाण. १० ग्रॅम स्टार्च, ६० मिली पाणी, ५ मिली साधं व्हिनेगर, ५ मिली ग्लिसरीन. सगळं गार असतानाच एकत्र करा, गुठळी राहू देऊ नका, मग मंद आचेवर ठेवून सतत ढवळा. सुरुवातीला काहीच घडत नाही, दुधासारखं पाणी नुसतं फिरत राहतं. मग एकदम चमच्याला ओढ लागते, कडेने मिश्रण घट्ट होतं, पांढरेपणा जाऊन ते धुरकट काचेसारखं दिसायला लागतं. स्टार्चचे कण साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला फुगून फुटतात, तो हाच क्षण. इथे घाईने आच वाढवली तर तळ करपतो आणि बुडबुडे अडकतात. मंद आचेवर आणखी पाचेक मिनिटं ढवळा, उतरवा, गुळगुळीत ताटावर २ ते ३ मिलिमीटर जाडीचा थर पसरा. दोन-तीन दिवस सावलीत, वाहत्या हवेत वाळू द्या. उन्हात ठेवलं तर कडा आधी वाळतात आणि फिल्म वळते, तडकते.

यातल्या प्रत्येक जिन्नसाला काम आहे. स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात: सरळ अमायलोज आणि फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. व्हिनेगरमधलं आम्ल काही फांद्या तोडतं, त्यामुळे साखळ्या एकमेकींलगत नीट बसतात. ग्लिसरीन त्यांच्यामध्ये शिरून त्यांना सरकायला जागा देतं. ग्लिसरीन अजिबात न घालता एकदा करून पाहा: काचेसारखा कडक पापुद्रा मिळतो आणि वाकवला की मोडतो. दुप्पट घातलं तर फिल्म चिकट, लिबलिबीत राहते. हे दोन्ही नमुने शेजारी ठेवून बोटांनी वाकवून पाहिले की प्लास्टिकला मऊपणा कुठून येतो ते हातालाच कळतं.

ही फिल्म पाण्यात मऊ पडते आणि दमट हवेत तिला बुरशी धरते, तेव्हा ओल्या वस्तूंना ती चालणार नाही. बियांच्या पुड्या, कोरड्या वस्तूंची वेष्टनं, रोपांना लावायच्या चिठ्ठ्या, यांना ती उत्तम. दूध नासलं असेल तर त्याचाही असाच उपयोग आहे. ते गरम करून व्हिनेगर घाला, चोथा गाळून पिळा, साच्यात दाबून दोन-तीन दिवस वाळवा, कडक टिकली तयार होते. हे केसीन, दुधातलं प्रथिन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत यापासूनच गॅलालिथ नावाचं प्लास्टिक निघालं आणि पुढे त्याची बटणं, कंगवे, विणायच्या सुया बनल्या. कारखान्यात ते टिकाऊ करायला फॉर्मल्डिहाइड वापरत. तो विषारी आहे, घरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

दुसरा टप्पा: टाकी आणि गॅस

टाकी केवढी हवी? समजा दिवसाला ५ किलो ओला कचरा निघतो. त्यात तेवढंच पाणी घातलं की १० लिटर रबडी. ती ४० दिवस आत राहायला हवी, म्हणजे ४०० लिटर. बरेच लोक इथे थांबतात आणि नंतर पस्तावतात. अन्नाचा कचरा शेणापेक्षा कितीतरी जास्त सकस असतो. ५ किलोमध्ये साधारण १ किलो पचणारा कोरडा भाग असतो, आणि ढवळण्या-तापवण्याची सोय नसलेल्या टाकीला तो दर हजार लिटरमागे दिवसाला १ किलोच्या आसपासच झेपतो. म्हणून १००० लिटरची टाकी घ्या. यातून रोज सुमारे ४०० ते ५०० लिटर गॅस मिळेल, म्हणजे लहान शेगडी दीड-दोन तास चालेल.

सुरुवात विरजणाने करायची. ताजं शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून टाकी अर्ध्याहून जास्त भरा. चालू असलेल्या टाकीतली रबडी मिळाली तर त्याहून चांगलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. झाकण लावा आणि दोन-तीन आठवडे काही घालू नका. सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती तपासा. काडी पेटवून गळती शोधायची नाही, कधीच नाही.

पहिला गॅस पेटत नाही, त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो उघड्यावर सोडून द्या. मिथेन आणि हवा यांचं मिश्रण मिथेन ५ ते १५ टक्के असताना स्फोटक असतं, आणि नव्या टाकीत नेमकं तेच साठण्याचा धोका असतो. नंतरचा गॅस पाण्याच्या सापळ्यातून, म्हणजे पाणी भरलेल्या बाटलीतून बुडबुड्यांनी जाईल असा काढून, टाकीपासून लांब ठेवलेल्या शेगडीवरच पेटवून पाहा. ज्योत निळी आणि स्थिर राहिली की मिथेन ५० टक्क्यांच्या वर गेला असं समजायला हरकत नाही.

मग रोज अर्धा किलो, आठवड्याने एक किलो, असं चढत जा. कचरा बारीक करूनच घाला, आणि शक्यतो रोज एकाच वेळी. टाकी ३५ अंशांच्या आसपास सर्वांत खुशीत असते. १५ अंशांखाली ती जवळजवळ झोपी जाते, तेव्हा थंडीत खाद्य कमी करा आणि टाकीला गवताचं किंवा जुन्या कापडांचं पांघरूण द्या.

टाकीत काय चालतं हे समजून घेतलं तर पुढच्या अडचणी सुटतात. तिथे कामाच्या चार पाळ्या आहेत. पहिल्या पाळीचे जिवाणू मोठे रेणू फोडून साखर, अमिनो आम्लं करतात. दुसरे त्यांची आंबट आम्लं करतात. तिसरे त्या आम्लांचं ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन करतात. चौथ्या पाळीचे मिथेनजनक सूक्ष्मजीव त्यातून मिथेन काढतात. आम्ल करणारे झपाट्याने वाढतात, मिथेन करणारे संथ, आणि त्यांना पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ६.८ ते ७.४ च्या दरम्यानच लागतो. खाद्य जास्त झालं की आम्लं साचत जातात आणि संथ पाळी गुदमरते.

हे मी एकदा ओढवून घेतलं. बरंच अन्न उरलं होतं, वाया जाऊ नये म्हणून चार दिवसांचा माल एका दिवसात ओतला. दुसऱ्या दिवशी गॅस साठवायची पिशवी टम्म फुगली आणि मला फार बरं वाटलं. शेगडी पेटवली तर ज्योत उडून विझायला लागली. पिशवीत कार्बन डायऑक्साइड भरला होता. रबडीला व्हिनेगरसारखा झोंबरा वास होता आणि पीएच पट्टी ५.५ दाखवत होती. खाद्य पूर्ण बंद केलं, एक तृतीयांश रबडी काढून जागी शेणाची ताजी रबडी घातली, खाण्याचा सोडा थोडा थोडा देत रोज पीएच पाहिला. ज्योत परत यायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून खाद्य वाढवण्याआधी मी पीएच मोजतो. तुम्हीही पट्ट्यांचं एक पाकीट टाकीशेजारीच टांगून ठेवा.

गॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो धातू खातो आणि माणसालाही घातक आहे. हवेत दहा लाखांत १०० भागांच्या आसपास तो असला की नाक बधिर होतं, म्हणजे वास थांबला याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. गंजलेल्या लोखंडी काथ्याने भरलेल्या नळीतून गॅस नेला की लोखंड हा गंधक धरून ठेवतं. काथ्या काळा पडला की काढून उघड्या हवेत पसरा, पुन्हा गंजला की वापरता येतो. गंजताना तो चांगलाच तापतो, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा. आणि रिकाम्या केलेल्या टाकीतही डोकं घालू नका. वाचवायला गेलेला दुसरा माणूसही आत पडतो, असे अपघात पुन्हा पुन्हा झालेले आहेत.

आता प्लास्टिककडे थोडं मागे वळू. टाकी बिघडवणारी ती आंबट आम्लं म्हणजे एका फार चांगल्या प्लास्टिकचा कच्चा माल आहे. १९२० च्या दशकात फ्रान्सच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मॉरिस लेम्वान्य यांना एका जिवाणूच्या पेशीत पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट या प्लास्टिकचे कण सापडले. आपण जशी चरबी साठवतो तसे काही जिवाणू हे प्लास्टिक साठवतात. मिश्र जिवाणूंना आळीपाळीने भरपेट आम्लं आणि मग उपवास असं ठेवलं की साठवणारेच टिकतात. निवडलेल्या जिवाणूंच्या कोरड्या वजनात या प्लास्टिकचा वाटा ८० टक्क्यांपर्यंतही जातो. म्हणजे कचरा मुद्दाम आंबट टप्प्यावर अडवायचा, मिथेन होऊ द्यायचा नाही, आणि ती आम्लं या जिवाणूंना चारायची. हे प्रयोगशाळेचं आणि कारखान्याचं काम आहे: हवा पंपाने द्यावी लागते, पेशी फोडून कण वेगळे करावे लागतात. स्वयंपाकघरात जमणारं नव्हे. पण ओल्या कचऱ्यातून खऱ्या अर्थाने टिकाऊ प्लास्टिक याच वाटेने येईल असं मला मनापासून वाटतं, कारण इथे खाण्याजोगा स्टार्च लागतच नाही, नासकं अन्न चालतं.

तिसरा टप्पा: रबडीपासून खत

टाकीतून बाहेर येणाऱ्या रबडीतला कार्बन गॅस होऊन गेला, नत्र मात्र तसाच राहिला, तोही बराचसा अमोनियम रूपात. म्हणून ती नुसती मुळाशी ओतली तर रोप करपू शकतं. पाचोळ्याला नेमकी हीच भूक असते, त्यात कार्बन भरपूर आणि नत्र नगण्य. तिसऱ्या डब्याचा माल इथे कामाला येतो. पाचोळा पसरा, त्यावर रबडी शिंपडा, ओलावा जमेपर्यंत थर देत जा.

टाकी नसेल आणि थेट ओल्या कचऱ्याचं खत करायचं असेल तर हिशेब असा. कार्बन-नत्राचं गुणोत्तर २५ ते ३० ला १ आणि ओलावा ५० ते ६० टक्के हवा. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं गुणोत्तर १५ च्या आसपास असतं आणि त्यात ८० टक्के पाणी. वाळक्या पाल्याचं ६० च्या आसपास, पाणी १० टक्के. १० किलो ओल्या कचऱ्याला ४ किलो पाला घातला की गुणोत्तर ३० च्या जवळ येतं आणि ओलावा ६० टक्के. चार किलो पाला डोळ्यांना फार वाटतो, ओल्या कचऱ्याच्या तिप्पट आकाराचा ढीग दिसतो, आणि म्हणूनच जवळजवळ प्रत्येक जण तो कमी घालतो. घरच्या खताला येणारी दुर्गंधी बहुतेक वेळा एवढ्याच कारणाने येते. लाकडाचा भुसा मात्र बेताने, त्याचं गुणोत्तर काही शेकड्यांत असतं.

ओलावा मोजायला यंत्र नको. मूठभर माल घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब चमकला आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकला की झालं. पाणी ओघळलं तर पाला घाला, गोळा विस्कटला तर पाणी शिंपडा.

ढीग लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १ मीटर तरी हवा. याहून लहान ढिगात तयार झालेली उष्णता लगेच बाहेर पळते. तळाला काड्यांचा वीतभर थर द्या, हवा खालून शिरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मध्ये लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढा: हातात धरवली नाही तर ढीग पेटला म्हणायचा. तापमापी असेल तर ५५ ते ६५ अंश हवं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा नियम असा की उघड्या लांबट ढिगात १५ दिवस ५५ अंश टिकवून त्या काळात पाच वेळा ढीग पलटावा, तेव्हा रोगजंतू मेले असं धरता येतं. बंद पेटीत तीन दिवस पुरतात. ६५ च्या वर गेलं तर लगेच पलटा, ७० ला उपयोगी जिवाणूही मरायला लागतात. पलटताना बाहेरचा थर आत आणि आतला बाहेर असं करा, नुसतं ढवळू नका.

नाकाने निदान होतं. डोळ्यांत चरचरणारा अमोनियाचा वास आला तर नत्र उडून चाललंय, पाला वाढवा. सडका वास आला तर आत हवा नाही, पलटा आणि कोरडं मिसळा. वास नाही, ऊबही नाही, तर ढीग सुकलाय किंवा त्याला नत्र कमी पडतंय, तेव्हा रबडी शिंपडा. आत राखेसारखे पांढरे धागे दिसले तर घाबरू नका, बुरशीसारखे दिसणारे ते ॲक्टिनोमायसिटीज जिवाणू आहेत आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तो वास त्यांच्याच घराण्याचा.

ऊब उतरली म्हणजे खत झालं असं नव्हे. त्यानंतर किमान एक-दोन महिने ते मुरू द्या. तपासायचं असेल तर ओलसर मूठभर खत पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून कच्चं आहे. लवकर उगवणाऱ्या दहा-वीस बिया त्यात आणि तितक्याच साध्या मातीत पेरून उगवण ताडून पाहिली तर आणखी खात्री होते.

काड्या आणि टरफलं खतातही लवकर कुजत नाहीत. ती जास्त असतील तर १० टक्क्यांच्या आसपास ओलावा राहीपर्यंत वाळवून यंत्रात दाबून जळणाच्या कांड्या करता येतात. दाब आणि उष्णतेने त्यांच्यातलंच लिग्निन वितळून डिंकाचं काम करतं, वेगळा चिकट पदार्थ लागत नाही.

फिल्मचं शेवटी काय करायचं

स्टार्चची जुनी फिल्म तापलेल्या ढिगात घाला. जाळीच्या पिशवीत बांधून मध्यभागी ठेवली तर प्रत्येक पलटणीला काढून पाहता येते: आधी ती फुगते, मग भुरकट डाग पडतात, मग जाळीत फक्त ओलसर मळ उरतो. बाजारातल्या ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पेल्यांचं, चमच्यांचं तसं नसतं. त्यातले बरेच पॉलिलॅक्टिक आम्ल या प्लास्टिकचे असतात, आणि ते साधारण ६० अंशांखाली काचेसारखे कडक राहतात, म्हणून थंड ढिगात वर्ष काढूनही ओळखू येतात. ईएन १३४३२ या युरोपीय मानकातली बारा आठवड्यांत तुकडे पडण्याची अट कारखान्यातल्या गरम ढिगासाठी आहे. तुमचा ढीग ५५ अंश गाठून टिकत नसेल तर असे पेले त्यात घालू नका, आणि गॅसच्या टाकीत तर मुळीच नको. तिथे ते न पचता नळीच्या तोंडाशी जाऊन बसतात.